हलणारे दात, मिशरी आणि शुगर: आईचे सगळे दात काढून इम्प्लांट करावेत का?

वारणाकाठ

नमस्कार. आईच्या दातांबद्दल सल्ला हवा आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

आई ६१ वर्षांची आहे. गाव वाळवा तालुक्यात, घरी ऊस आणि म्हशी. दहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ९.१ आला. मिशरी लहानपणापासून. तिच्या माहेरी सगळ्याच बायका लावायच्या. चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. आता विकतची पुडी असते. सकाळी उठल्यावर, धारा काढून झाल्या की, दुपारी जेवल्यावर आणि रात्री झोपताना. मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं तिचं म्हणणं.

हिरड्यांतून रक्त असं तिच्या कधी आलंच नाही. त्यामुळे हिरड्यांचं काही दुखणं असेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. पण आता खालचे पुढचे चार दात हलतात, त्यांच्यात फटी पडल्यात, हिरडी उतरून दात लांब दिसायला लागलेत. वरची डावी दाढ दिवाळीनंतर जेवताना आपोआप हातात आली. दुखलंसुद्धा नाही. खाली उजवीकडच्या दाढेजवळ अधूनमधून गाठ येते, दाबली की पू येतो. मेडिकलमधून गोळ्या आणल्या की आठवडाभर बरं, मग परत तेच. भाकरी आमटीत कुस्करूनच खाते. शेंगा, हुरडा, उसाचं कांडं सगळं सुटलं. तोंडाला वास येतो म्हणून लग्नाकार्यात कुणाशी जवळ जाऊन बोलत नाही, ते मला फार लागतं.

दोन डॉक्टर झाले. शहरातल्या एका मोठ्या क्लिनिकमध्ये म्हणाले की सगळे दात काढून टाकू, जबड्याच्या हाडात स्क्रू म्हणजे इम्प्लांट बसवू, तीन दिवसांत त्यांवर फिक्स दात. वरचे-खालचे मिळून साडेचार लाख. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आधी शुगर खाली आणा, मिशरी सोडा, हिरड्यांची खोल सफाई करू, मग तीन महिन्यांनी कुठले दात ठेवायचे ते ठरवू.

भावाचं मत, उसाचं बिल आलंय तर एकदाच काय ते करून टाकू. आई म्हणते, शेजारच्या काकूंचे दात मशीनने साफ केल्यावरच हलायला लागले, मी सफाई करून घेणार नाही.

माझे प्रश्न असे: हे दात वाचू शकतात का? सफाईने खरंच दात हलतात का? शुगरवाल्यांना इम्प्लांट चालतं का? आणि तीन दिवसांत दात हे कितपत खरं?

---

मोगरा

ताई, घाई करू नका एवढंच सांगेन. आमच्या सासूबाईंनी ५८व्या वर्षी सगळे दात काढून कवळी करून घेतली. वरची नीट बसते. खालची बसतच नाही, जेवताना उचकते, कडेला बोचते. शेवटी खालची डबीत आणि वरची तोंडात असं चाललंय. दात काढले तेव्हा त्यातले काही घट्ट होते, पण सगळेच काढले तर कवळी चांगली होईल असं सांगितलं होतं. आता त्यांनाच वाईट वाटतं.

आणि मिशरीचं म्हणाल तर दात गेल्यावरही ती सुटली नाही. हिरड्यांवर बोटाने चोळत राहिल्या. मग गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तेव्हा घाबरून सोडली. चट्ट्याचा तुकडा काढून तपासला, सुदैवाने कॅन्सर नव्हता. तुमच्या आईंचं तोंड आतून कुणी नीट बघितलंय का? गाल, जिभेच्या कडा, ओठाच्या आतली बाजू? ते आधी बघून घ्या.

---

निवृत्त गुरुजी

माझे वय ६९. कऱ्हाडला राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. हिरड्यांची ट्रीटमेंट आणि इम्प्लांट, दोन्ही करून घेतले आहे. डॉक्टर मंडळी शास्त्र सांगतील. खुर्चीत बसल्यावर काय काय होते ते मी सांगतो, म्हणजे आईंची भीती थोडी कमी होईल.

आधी सफाई. जबड्याच्या एका बाजूला भुलीचे इंजेक्शन दिले. ते टोचते तेवढेच काय ते दुखणे. मग पाण्याचा फवारा उडवणारे मशीन आणि त्यानंतर बारीक आकड्यासारखी हत्यारे हिरडीच्या आत घालून मुळावरचे कीटण खरवडून काढले. दुसरी बाजू पुढच्या आठवड्यात. तोंडातून जे निघाले ते डॉक्टरांनी मला ट्रेमध्ये दाखवले. काळपट, खडीसारखे कण होते. नंतर काही दिवस गार पाणी दातांना झोंबायचे. दातांत फटी दिसू लागल्या. जीभ सारखी तिथे जायची आणि मनात यायचे, हे काय करून बसलो! पण सकाळी उठल्यावर तोंडाला जी घाण चव असायची ती पंधरवड्यात गेली.

डावीकडच्या खालच्या बाजूला सफाई पुरली नाही. तिथे हिरडी उघडून आतून साफ केले, त्याला फ्लॅप म्हणतात. हाडाची पावडर भरली, टाके घातले. दोन दाढा मात्र गेल्याच. त्यांच्या जागी इम्प्लांट.

इम्प्लांटच्या वेळी भूल फक्त तेवढ्या भागापुरती होती, मी पूर्ण जागा होतो. ड्रिलचा आवाज मोठा येतो, जबडा थरथरतो, गार सलाईन सतत सोडत असतात. दुखत नाही, दाबल्यासारखे वाटते. शेवटी स्क्रू पाना लावून घट्ट करतात. वर हिरडी शिवून टाकली. घरी आल्यावर गालाला बर्फ, दोन दिवस पातळ आणि गार खाणे, त्या बाजूने चावायचे नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते, तेव्हा घाबरू नये. मग तीन-चार महिने काहीच नाही, नुसते थांबणे. त्यानंतर हिरडीला छोटी चीर देऊन वर एक टोपी बसवली, हिरडी तिच्याभोवती भरून आली, माप घेतले आणि कॅप बसली. दोन्हींचे मिळून ७५ हजार झाले, कोरियन बनावटीचे. फाईलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर लावून घेतले आहे, त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. ते तुम्हीही मागून घ्या. उद्या दुसऱ्या गावात स्क्रू ढिला झाला तर कोणता पाना लागेल हे त्यावरूनच कळते.

मी आता शेंगा खातो, भाकरीचा पापुद्राही खातो. पण माझ्या डॉक्टरांनी अट घातली होती की हिरड्यांतून रक्त येणे थांबल्याशिवाय इम्प्लांटला हात लावणार नाही. तेव्हा मला राग आला होता. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

---

दंत मिरज

वारणाकाठ ताई, मी हिरड्यांची डॉक्टर आहे, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. मिरजेत प्रॅक्टिस करते. आईंना न तपासता कुठला दात राहील आणि कुठला जाईल हे मी इथून सांगू शकत नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते आमच्या भागात रोजचं आहे. वाळवा, शिराळा, पलूस, जतकडच्या बायका, पन्नाशी-साठी, शुगर आणि मिशरी. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी रक्ताबद्दल. आईंच्या हिरड्यांतून रक्त आलं नाही ते हिरड्या चांगल्या होत्या म्हणून नव्हे. मिशरीतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्त येत नाही, लाली आणि सूजही फार दिसत नाही, आणि आत हाड झिजत राहतं. रक्त हा शरीराने दिलेला इशारा असतो. मिशरी तो इशाराच बंद करते. त्यातून रोज बोटाने घासल्यामुळे हिरडी उतरते ते वेगळंच. माझ्याकडे मिशरी सोडलेल्या बायका कधीकधी काळजीत पडून येतात की सोडल्यापासून रक्त यायला लागलं. मी त्यांना सांगते, हिरडीत रक्त परत खेळायला लागलंय, आता सफाई करून घ्या.

दात हलतो तो दाताच्या दोषाने क्वचितच. बांधाची माती धुपली की मेढ हलते, तसं आहे हे. दाताच्या मुळावर जंतूंचा थर साचतो, त्याचं कीटण होतं, शरीर त्याच्याशी भांडत राहतं आणि त्या भांडणात दाताला धरून ठेवणारं हाड विरघळतं. हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल खिसा तयार होतो. आम्ही तो मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट सुईने मोजतो, प्रत्येक दाताच्या सहा ठिकाणी. १ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक. ४-५ म्हणजे रोग आहे. ६ किंवा जास्त म्हणजे खोल. आईंचं असं मोजमाप कुणी केलंय का? "सगळे काढा" म्हणणाऱ्यांनी प्रत्येक दाताचे आकडे कागदावर दिले होते का? आकडे घेतले नसतील तर तो सल्ला मला मान्य नाही, एवढं मी स्पष्ट सांगते.

तोंडात २५ दात असतील तर सगळे सारखे आजारी नसतात. सहसा खालचे पुढचे दात आणि दाढा आधी जातात. सुळे लांब मुळाचे, ते बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकतात. आणि सुळे राहिले तर पुढचं सगळं नियोजन सोपं होतं.

आता सफाईने दात हलण्याबद्दल. शेजारच्या काकू खोटं बोलत नाहीत, त्यांना तसं जाणवलंच असणार. वर्षानुवर्षांचं कीटण दोन दातांच्या मध्ये दगडासारखं बसून हलत्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते काढलं की दात जितका मुळात हलत होता तितका हलताना कळतो. शिवाय हिरडीची सूज उतरते, म्हणून फट दिसते. काही आठवड्यांत हिरडी दाताला आवळून बसते आणि बऱ्याच दातांचं हलणं कमी होतं. जे हलतातच, त्यांना आतल्या बाजूने तार किंवा फायबर लावून शेजारच्या दातांशी बांधता येतं. खालच्या पुढच्या चार दातांसाठी मी हे नेहमी करते. आईंना हे हातात आरसा देऊन, त्यांच्याच दातांवर दाखवून समजावलं पाहिजे. नुसतं "तसं काही नसतं" म्हटलं तर पटणार नाही.

पू येतो त्यावर गोळ्या आणून खाणं कृपा करून थांबवा. अँटिबायोटिकने जंतू तात्पुरते दबतात, कीटण तिथेच राहतं, म्हणून आठवड्याने परत. गोळी कधी लागते, कधी नाही, ते सफाई करणाऱ्या डॉक्टरांना ठरवू दे.

शुगरचं आणि हिरड्यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे, आणि मला सगळ्यात जास्त तळमळीने हेच सांगायचं असतं. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा रोग वेगाने वाढतो आणि जखम भरत नाही. उलट, हिरड्यांतला पू आणि सूज शुगर खाली येऊ देत नाही. नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४च्या आसपास उतरतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. आकडा लहान वाटेल, पण शुगरच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना त्याची किंमत माहीत असते. तेव्हा आईंच्या शुगरच्या डॉक्टरांना आणि दातांच्या डॉक्टरांना एकमेकांचे रिपोर्ट दाखवा.

इम्प्लांटकडे येते. शुगरवाल्यांना चालतं, पण शुगर ताब्यात असलेल्यांना. एचबीएवनसी ७च्या आसपास असेल तर मी निर्धास्तपणे करते, ८च्या वर असेल तर थांबते. ९.१ला, तोंडात पू असताना, मिशरी चालू असताना मी माझ्या स्वतःच्या आईलासुद्धा करणार नाही.

लोकांना वाटतं इम्प्लांट लावलं की हिरड्यांचा प्रश्नच मिटला. इम्प्लांटला कीड लागत नाही, हे खरं. पण ते उभं असतं त्याच हाडात आणि त्याच हिरडीत. ज्यांना एकदा हिरड्यांचा रोग झालाय त्यांच्या इम्प्लांटभोवती तसाच रोग होण्याची शक्यता जास्त असते. त्याला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात. आणि तो जास्त वाईट असतो. खऱ्या दाताभोवती तंतूंचं एक आवरण असतं, त्यातले तंतू मुळात घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटला ते आवरण नसतं. त्यामुळे जंतू आत शिरले की हाड भराभर जातं आणि उपचारांची खात्री देता येत नाही. हाड गेलं की पुढचं इम्प्लांट लावायलाही जागा उरत नाही. साडेचार लाख घातल्यावर हे होऊ नये म्हणूनच आधी तीन महिने द्यायचे.

तीन दिवसांत दात ही थाप नाही. स्क्रू हाडात पुरेसे घट्ट बसले आणि सगळे एकमेकांना जोडले तर लगेच दात देता येतात. काही पेशंटमध्ये ते योग्यही असतं. हाड अगदीच पातळ असलेल्यांसाठी वेगळ्या पद्धतीचे लांब स्क्रूही वापरतात. पण तीन दिवसांत हाड धातूला धरत नाही, त्याला महिनेच लागतात. इम्प्लांटचा सगळा शोध या धरण्यावर उभा आहे. १९५२ साली स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढायला गेले तर निघेना, हाडाने त्याला पक्कं धरलं होतं. १९६५मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. लार्सन २००६मध्ये वारले, तोपर्यंत ते त्या दातांनी जेवत होते. म्हणजे नीट जमलं तर चाळीस वर्षंसुद्धा. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात हाड मऊ असतं म्हणून चार ते सहा महिने थांबायचं ही पद्धत त्या अनुभवातून आली.

आईंच्या बाबतीत मी काय केलं असतं ते सांगते. पहिल्या दिवशी तोंडाची आतून पूर्ण तपासणी. मोगरा ताईंनी चट्ट्याचं सांगितलं ते अगदी बरोबर आहे. मग पूर्ण जबड्याचा एक्स-रे, खिशांची मोजणी. ज्या दाताला हाडच उरलं नाही आणि जो खाली-वरसुद्धा हलतो, तो काढायचा. तो ठेवून शेजारच्याचं नुकसान होतं. बाकी सगळ्यांची भूल देऊन खोल सफाई, बाजू-बाजूने. मऊ ब्रश, दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश, आणि दोनेक आठवडे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या चुळा. त्याहून जास्त दिवस नको, दात तपकिरी होतात. दीड-दोन महिन्यांनी परत मोजणी. जिथे अजून खोल आहे तिथे फ्लॅप. झिजलेलं हाड सगळीकडे परत येत नाही. दाताच्या कडेला खड्डा पडला असेल तिथे पावडर आणि पडदा घालून थोडं भरून येतं, सगळीकडून सपाट खचलं असेल तर येत नाही. हे पेशंटला आधी सांगितलं पाहिजे.

आणि मग इम्प्लांटचा विचार. वरची डावी दाढ गेलीय तिथे वर सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची पोकळी असते. दाढ गेल्यावर हाड आटतं, त्याची रुंदी पहिल्या वर्षात निम्म्यावरसुद्धा येऊ शकते. त्यामुळे सीबीसीटी हा थ्रीडी स्कॅन करूनच सांगता येईल. खालच्या जबड्यात मधून नस जाते, तिच्यापासून २ मिलिमीटर तरी अंतर ठेवावं लागतं. स्कॅन न करता जो स्क्रूची संख्या आणि रक्कम सांगतो त्याला विचारा की कशाच्या आधारावर.

समजा खालचे सगळेच जायची वेळ आली, तरी दोन टोकं नाहीत, की सैल कवळी नाहीतर लाखांचे फिक्स दात. पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणाने अडकणारी कवळी करता येते. २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा. मोगरा ताई, सासूबाईंची खालची कवळी डबीत पडून आहे म्हणालात, त्यांना हे विचारून बघा. हाड असेल तर आहे ती कवळीसुद्धा कधीकधी वापरता येते.

माझ्याकडेच यायला हवं असं अजिबात नाही. सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कऱ्हाडला कृष्णाचं दंत महाविद्यालय आहे. तिथे पेरिओडॉन्टॉलॉजी हा हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो. एमडीएस, म्हणजे दातांचं पदव्युत्तर शिक्षण करणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण मोजणी नीट होते आणि खर्च कमी येतो. मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे.

---

पन्हाळकर

मिशरी सोडण्यासाठी सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-११-२३५६. आमच्या काकूंनी तिथून सुरुवात केली. पहिला आठवडा चिडचिड, डोकं दुखणं, पोट साफ न होणं, सगळं झालं. सकाळच्या वेळेची मिशरी सर्वांत शेवटी सुटली. त्या वेळेला त्यांनी बडीशेप आणि कोमट पाणी धरलं. घरातल्या बाकीच्या बायकांनीही सोबत सोडली तर फार फरक पडतो. डबी घरातच दिसत राहिली तर अवघड आहे.

---

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. कीटण काढल्यावर हलणं का कळतं ते तिने दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "असं हाय व्हय, मग बघू या." भावालाही पटलंय. क्लिनिकमध्ये भरायची ॲडव्हान्सची रक्कम थांबवली आहे.

खिशांची मोजणी कुठेच झालेली नाही. एक्स-रे मात्र दोन्हीकडे काढला.

अजून एक विचारायचं राहिलं. आई शुगरच्या गोळ्यांसोबत रक्त पातळ होण्याची ७५ची गोळी घेते. शिवाय दोन वर्षांपूर्वी गोठ्यात पडून मनगट मोडलं तेव्हापासून दर रविवारी उपाशीपोटी हाडांची एक गोळी घेते. ती घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही असं सांगितलंय. दोन्ही डॉक्टरांनी याबद्दल काही विचारलं नव्हतं. याने काही फरक पडतो का? दात काढायच्या आधी या गोळ्या बंद करायच्या का?

---

दंत मिरज

बरं झालं विचारलंत. फरक पडतो, आणि रविवारच्या गोळीचा जास्त.

तुम्ही सांगता त्यावरून ती अलेंड्रोनेट किंवा त्याच जातीची गोळी असणार. पाकिटावर नाव बघा. हाड ठिसूळ होऊ नये म्हणून ती हाडाची झीज मंद करते. मनगट मोडलेल्या आईंना ती गरजेची आहे. पण त्याच कारणाने जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून यायला कधीकधी फार वेळ घेतं. क्वचित ते उघडं पडतं आणि मरतं. आठवड्याची गोळी आणि दोन वर्षं, यात हा धोका लहान आहे. कॅन्सरसाठी शिरेतून मोठा डोस घेणाऱ्यांत तो कितीतरी जास्त असतो. पण आईंना त्यासोबत अनियंत्रित शुगर आहे, तंबाखू आहे आणि हाडाशी पू आहे, ही सगळी त्याला हातभार लावणारी कारणं. एकाच बैठकीत पंचवीस दात काढून त्याच हाडात स्क्रू बसवायला मी नकार दिला असता याचं हेही एक कारण धरा. हिरड्यांच्या सफाईला मात्र या गोळीची अडचण नाही. उलट सफाई झाली की काढायचे दात कमी होतात आणि जे काढायचे त्यांच्याभोवतीचा पू आधीच कमी झालेला असतो.

गोळी तुमच्या मनाने बंद करू नका. हाडाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या: कधी सुरू केली, किती दिवस चालू ठेवायची आहे, आणि दात काढायचे असल्यास त्यांचं मत काय. पुढे कधी ते वर्षातून एकदाच्या इंजेक्शनवर न्यायचं म्हणाले तर त्याआधी दातांचं काम संपलेलं असलं पाहिजे, हेही त्यांना सांगा.

रक्त पातळ करणारी ७५ची गोळीही बंद करायची नाही. ती एकटीच असेल तर एक-दोन दात काढताना रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. ती बंद केल्याने हृदयाला किंवा मेंदूला जो धोका होतो तो यापेक्षा मोठा. दुसरी कुठली रक्त पातळ करणारी गोळी सोबत असेल तर मात्र लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दात काढू नका.

पहिल्या दिवशी जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या, नावं पाठ करून जाऊ नका. दोन्हीकडचे एक्स-रे मागून घ्या, ते तुमचे आहेत, त्यामुळे नवीन काढावा लागणार नाही. सकाळची वेळ घ्या. आणि आईंना उपाशी आणू नका. सफाई आहे म्हणून बऱ्याच जणी शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी येतात आणि खुर्चीतच घाम फुटून शुगर खाली जाते. नेहमीसारखा नाश्ता, नेहमीची गोळी, आणि पर्समध्ये साखरेची पुडी.